बोटीवरच्या सहा गाद्या

मे महिन्यातल्या एका रविवारी रत्नागिरीहून मामाचा फोन आला. "काय गो, तू ते गाद्यांवर लिहितेस ना? बोटीवरच्या सहा गाद्या बदलायच्यात. कुठल्या घेऊ?"

मी नोएडाला राहते आणि पोटासाठी कंटेंट लिहिते. गेल्या वर्षी सलग तीन महिने माझ्याकडे एकच विषय होता, गादी कशी निवडावी. पाठदुखीसाठी गादी, नवीन लग्न झालेल्यांसाठी गादी, उन्हाळ्यासाठी गादी. तेव्हापासून घरातल्या सगळ्यांना वाटतं की मला गादीतलं कळतं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

मामाची ट्रॉलर मिरकरवाडा बंदरात असते. लाकडी, वरून फायबर मारलेली. तांडेल धरून सात माणसं एकेका फेरीला सात-आठ दिवस समुद्रात असतात. बर्थ सहाच, कारण सातवा कायम जागा असतो. केबिनमध्ये दोनावर दोन असे चार आणि पुढे नाळेच्या खाली दोन. गेल्या हंगामात दोन खलाशी मध्येच सोडून दुसऱ्या बोटीवर गेले. मामाने पैशाचं कारण असेल असं धरलं होतं. तांडेलाने मात्र स्पष्ट सांगितलं, "शेठ, गाद्या कुजल्यात. माणसं त्यावर झोपत नाहीत, जाळ्यावर झोपतात."

कोकणात आता खलाशी मिळणं सोपं राहिलेलं नाही. बरेचसे नेपाळहून नाहीतर दुसऱ्या राज्यांतून येतात. पावसाळ्यात घरी जाताना त्यांना उचल द्यावी लागते आणि ऑगस्टमध्ये ते परत येतील की नाही याचा घोर मालकाला दोन महिने असतो. त्यामुळे मामाचा प्रश्न चैनीचा नव्हता.

मग मी काय केलं? आमच्या वयाची कुणीही करेल तेच. मामाला म्हटलं, लांबी-रुंदी सांग. त्याने केबिनमधल्या खालच्या बर्थचं माप सांगितलं, ७२ इंच बाय ३० इंच. मी घरबसल्या सहा गाद्या मागवल्या. छान गुंडाळी करून, हवा काढून आलेल्या. मामाच्या पडवीत त्या उघडल्या, फुगल्या, आणि मग बोटीवर नेल्या. सहापैकी दोन बसल्या. वरचे दोन बर्थ खालच्यापेक्षा चार इंच अरुंद निघाले आणि नाळेकडचे दोन तर आयताकृतीच नव्हते. एकदा फुगलेली गादी परत करायची तरी कशी? मामा काही बोलला नाही. मामीने फक्त फोटो पाठवला. पडवीत चार गाद्यांची चळत आणि वर मांजर.

चूक माझी होती. माझ्या लेखांतली प्रत्येक गादी चौकोनी खोलीत, चौकोनी पलंगावर होती. डल लेक, केरळ किंवा तारकर्लीच्या हाऊसबोटींवरही पलंग बहुतेक सरळच असतात, कारण त्या म्हणजे पाण्यावरच्या खोल्याच. मासेमारीच्या बोटीत तसं नसतं. बर्थ बोटीच्या कुशीला चिकटून असतो आणि ती कूस दोन दिशांनी वळते. नाळेकडे ती निमुळती होत जाते, आणि वरून खाली आत येते. म्हणजे गादीचा वरचा भाग मोठा आणि खालचा लहान हवा. हे टेपने मोजताच येत नाही.

जूनमध्ये एका शनिवारी मी मेट्रोची ब्ल्यू लाइन पकडून कीर्तीनगरला गेले. दिल्लीत फर्निचर आणि फोमसाठी लोक तिथेच जातात. एका जुन्या दुकानात मी सगळी हकिगत सांगितली. ते काका ट्रकच्या केबिनमधल्या झोपायच्या गाद्या करून देतात. हसून म्हणाले, "फीता मत लाओ बेटा, कागज लाओ." मापं आणू नकोस, आकाराचा कागद कापून आण. आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली, ती माझ्या तीन महिन्यांच्या लेखांत कुठेच नव्हती. फोम वजनावर तपासायचा.

ती आधी सांगते, कारण ती तुमच्या घरीही उपयोगी पडेल. दुकानदार म्हणतो "४० डेन्सिटी", म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. हा आकडा गादी किती मऊ ते सांगत नाही, ती किती टिकेल ते सांगतो. एकाच डेन्सिटीचा फोम मऊही मिळतो आणि कडकही. आता ७२ बाय ३० इंच, ४ इंच जाडीचा तुकडा घ्या. ३२ डेन्सिटीचा असेल तर वजन साधारण ४.५ किलो भरायला हवं, ४० चा असेल तर ५.७ किलो. सव्वातीन किलोच्या आसपास भरला तर तो २३ चा आहे, बिलावर काहीही लिहिलेलं असू दे. किराणा दुकानातल्या काट्यावरही कळतं. मी मागवलेल्या गाद्या मामाने बर्फाच्या काट्यावर ठेवल्या आणि मला आकडा कळवला. तो आकडा मी इथे लिहीत नाही. माझाच अपमान आहे त्यात.

जुलैमध्ये सुट्टी काढून निजामुद्दीनहून मंगला एक्स्प्रेसने रत्नागिरीला निघाले. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक, गाडी दमादमाने चाललेली. वरच्या बर्थवर पडल्या पडल्या विचार करत होते. रेल्वेनेही फोमवर रेक्झिनच घातलंय, घाम येतोच, पण एकदा पुसलं की झालं. बोटीवरही तसंच करायचं का?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ आणि वर खवळलेला समुद्र. बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. इंजिन, रंग, फटी बुजवणं, जाळी विणणं, वर्षाची सगळी दुरुस्ती या ६१ दिवसांत उरकायची. या यादीत खलाशांची गादी शेवटी येते आणि बहुतेक वेळा यादीबाहेर पडते.

ताडपत्री वर करून केबिनमध्ये शिरले तेव्हा पहिल्यांदा वास आला. डिझेल, मासे आणि मुरलेली ओल. एक जुनी गादी उचलली. वरून ती बरी दिसत होती. खालून काळी होती आणि तिच्याखालचं प्लायवूड बोटाने दाबलं तर आत जात होतं. रेक्झिन वरून अख्खं, पण शिवणीतून पाणी आत गेलेलं आणि बाहेर यायला वाटच नाही. गादी कसली, पाण्याची पिशवी.

बोटीवर राखणीला एक नेपाळी खलाशी थांबला होता. माझं हिंदी दिल्लीचं, त्यामुळे मामापेक्षा माझ्याशी तो जास्त बोलला. मी माझ्या लेखांतला प्रश्न विचारला, गादी मऊ हवी की कडक? त्याने जरा विचित्र नजरेने पाहिलं. म्हणाला, "दीदी, कडक चलेगा. गीला नहीं चलेगा." मग त्याने अंगरख्याची बाही वर करून कोपराकडचे चट्टे दाखवले. ओल्या रेक्झिनवर झोपून झालेले. तीन हंगामांत त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

तिथे माझी सगळी यादी उलटी झाली. बोटीवर पहिला प्रश्न पाण्याचा, दुसरा आकाराचा, मऊपणाचा नंबर बराच नंतर.

पाणी येतं कुठून? लाटेचं आणि ओल्या कपड्यांचं तर येतंच. पण झोपलेल्या माणसाचा घाम आणि श्वासातली वाफही खाली जाते, थंड फळीला लागते आणि तिथे तिचं पाणी होतं. फळी आणि गादी यांच्यामध्ये हवा नसेल तर ते सुकत नाही. त्यात मीठ. खारं पाणी लागलेलं कापड उन्हात वाळल्यासारखं दिसतं, पण मीठ हवेतली ओल परत ओढून घेतं. म्हणून बोटीवरचं अंथरूण नुसतं वाळवून भागत नाही, गोड्या पाण्यातून काढावंच लागतं.

आता फोम. स्प्रिंगची गादी खाऱ्या हवेत गंजणार, ती पहिली बाद. मेमरी फोम कोकणातल्या उकाड्यात अंगाला चिकटतो, तोही बाद. लाइफ जॅकेटमध्ये किंवा योगाच्या मॅटमध्ये असतो तो फोम पाणी पीत नाही, पण त्यावर रोज झोपणं म्हणजे शिक्षा. काथ्याच्या गाद्यांचा मी बराच विचार केला. काथ्याला खाऱ्या पाण्याची भीती नसते, तो मुळात खाजणात भिजवूनच काढतात आणि पूर्वी बोटींचे दोर त्याचेच असत. पण हवा तसा तिरपा काप देऊन शिवायला तो जड जातो. शेवटी ४० डेन्सिटीचा साधा फोम, ४ इंच जाड. नाळेकडे डोकं आपटतं म्हणून तिथे ३ इंच. जाडी पुरेशी आहे का हे बघायची सोपी रीत आहे. फोम फळीवर ठेवा आणि कुशीवर झोपा. कमरेचं हाड फळीला लागलं तर तो फोम कमी पडतोय. आम्ही तांडेलाला झोपवून बघितलं, कारण बोटीवरचा सगळ्यात वजनदार माणूस तोच.

खोळीवरून भांडण झालं. मामाला सगळीकडे रेक्झिन हवं होतं, पुसलं की साफ. तांडेल म्हणाला, मग वर्षभराने पुन्हा हेच बघायला बोलवा. मधला मार्ग काढला. केबिनमधल्या चार गाद्यांना वरून जाड कापड, कडेने रेक्झिन आणि खालून जाळीचं कापड. शाळेच्या दप्तराच्या पाठीला लावतात ना, जाड, हवा खेळणारी जाळी, तीच. नाळेकडे वरच्या झाकणातून पाणी गळतंच, तिथे वरूनही रेक्झिन, पण खाली जाळी आणि वर नाड्यांनी बांधायची सुती चादर, जी धुता येते. शिलाई पॉलिस्टर दोऱ्याने. सुती दोरा खोळीच्या आधी कुजतो. चेन मोठ्या दातांची, प्लॅस्टिकची. धातूची चेन खाऱ्या हवेत अडकते आणि मग कुणीच खोळ काढत नाही.

शिवणारा दिल्लीचा नव्हे, तिथलाच. रिक्षाच्या सीटा करणारा. बोटीवर येऊन त्याने आधी दोन मिनिटं नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "ताई, हे काम सीटपेक्षा ब्लाऊजचं आहे." अगदी खरं. मग आम्ही वर्तमानपत्रं चिकटपट्टीने जोडून बर्थवर पसरली, कडेने नखाने दाबत घडी पाडली आणि त्या घडीवर कापली. हा तळाचा कागद. मग ४ इंच उंचीवर पट्टी धरून तसाच दुसरा कागद कापला, तो वरच्या बाजूचा. दोन कागदांमधला फरक म्हणजे कडेचा तिरपेपणा. नाळेकडे हा फरक एका बाजूला दोन इंचांहून जास्त निघाला. प्रत्येक कागदावर "वर", "डावा", "नाळेकडे" असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. तरी आम्ही घोळ घालणारच होतो. डाव्या आणि उजव्या बर्थचा आकार आरशातल्यासारखा उलटा असतो. कारागिराच्या पोराने एकच कागद दोनदा ठेवला होता. तिरपा काप असलेली गादी उलटवून दुसऱ्या बाजूला चालत नाही. दोन डाव्या गाद्या झाल्या असत्या.

फोम कागदापेक्षा प्रत्येक बाजूला सेंटिमीटरभर मोठा कापला, म्हणजे खोळीत ताठ बसतो आणि सुरकुत्या पडत नाहीत. नाळेकडच्या गाद्या दोन-दोन तुकड्यांत केल्या. एक तर त्या छोट्या दारातून अख्ख्या गेल्या नसत्या, आणि बर्थखाली दोर ठेवतात, दर वेळी सगळी गादी कोण उचलणार?

खालची फळी हा खरा खर्च निघाला. कुजलेलं प्लाय काढून मरीन प्लाय घातलं. घेताना त्यावर आयएस ७१० असा शिक्का बघा. आयएस ३०३ हे साधं प्लायवूड आहे, ते घरातल्या कपाटाला ठीक. प्लायला हात-दीड हाताच्या पट्ट्या पाडून मध्ये बोटभर फटी ठेवल्या आणि वर काथ्याची चटई अंथरली. इथे काथ्या कामी आला. गादीत नाही, गादीखाली. माझं मत विचाराल तर सगळ्या कामात सगळ्यात जास्त फरक या स्वस्त चटईने पडला.

आणखी एक गोष्ट, जी मुलांचे बंक बेड असलेल्या घरांनी नीट वाचावी. बर्थच्या कडेला काठपट्टी असते, झोपेत माणूस खाली पडू नये म्हणून. गादी जाड केली की काठपट्टी तेवढी बुटकी होते. मामा सुरुवातीला म्हणत होता, करायचंच तर ६ इंच करू. मग काठपट्टी गादीच्या बरोबरीला आली असती आणि पहिल्या लाटेला माणूस खाली. अमेरिकेत बंक बेडसाठी नियमच आहे की कठडा गादीच्या वर किमान ५ इंच असला पाहिजे. गुरुग्राम-नोएडाच्या फ्लॅटमध्ये आपण मुलांच्या वरच्या पलंगावर हौसेने जाड गादी घालतो, तेव्हा एकदा पट्टी लावून बघा. आणि आपल्या बॉक्स बेडचंही तेच. पावसाळ्यात गादी उभी करून तिची खालची बाजू कधी पाहिली आहे का? मी परत आल्यावर माझी पाहिली. पुढचा शनिवार त्यातच गेला.

एका बाबतीत माझं चाललं नाही. केबिनमध्ये बर्थपासून हातभर अंतरावर गॅसची शेगडी आहे. पीयू फोम पेटला की भराभर जळतो आणि त्याचा काळा धूर ज्वाळेपेक्षा घातक असतो. शेगडी हलवा म्हणून मी दोन दिवस मागे लागले. मामाने मध्ये पत्रा मारला आणि त्या गादीची शेगडीकडची बाजू थोडी आखूड केली. शेगडी तिथेच आहे.

रात्री पडवीत बसून मी मामाला वाचून दाखवत होते. मालवाहू जहाजांवरच्या खलाशांसाठी २००६ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यात बर्थचं मापही दिलंय, आतून किमान १९८ बाय ८० सेंटिमीटर. पण मासेमारीच्या बोटींना तो लागू नाही. त्यांच्यासाठी २००७ चा वेगळा करार आहे, २०१७ पासून तो अमलातही आला. त्यात लहान बोटींवरही प्रत्येकाला योग्य मापाचा बर्थ हवा, गादी योग्य वस्तूची हवी आणि अंथरूण-पांघरूण मिळालं पाहिजे असं म्हटलंय. भारताने तो स्वीकारलेला नाही. मामाचा वरचा बर्थ भरला ६६ सेंटिमीटर. मामाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "करार यायचा तेव्हा येईल. उद्या तो फोम कापायला येणार आहे, लवकर ऊठ."

फोम, कापड, शिलाई, प्लाय आणि चटया मिळून ३१,००० रुपयांच्या आसपास गेले. माझ्या पहिल्या ऑर्डरचे पैसे वेगळे, ते मी मामाला हप्त्याने देते आहे. तो नको म्हणतो, मामी नको म्हणत नाही.

बोट ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बाहेर पडली. पहिल्या फेरीनंतर तांडेलाचा व्हॉइस मेसेज आला. केबिनमधल्या चारही सुक्या आहेत. रोज सकाळी गादी उभी करायची असं ठरलं होतं, ते तो ओरडला तरच होतं. नाळेकडच्या डाव्या गादीचे दोन तुकडे लाटेत सरकतात आणि मध्ये फट पडते, तिथे पाठ अडकते. दोन्ही तुकड्यांना वेल्क्रो लावून घेऊ का, असं त्याने विचारलं. मी कीर्तीनगरच्या काकांना फोन केला. ते म्हणाले, वेल्क्रो खाऱ्या पाण्यात आणि माशांच्या खवल्यांत टिकणार नाही, पट्टा आणि प्लॅस्टिकचं बक्कल लावा, दप्तराला असतं तसं. रिक्षाच्या सीटवाल्याने ते लावून दिलंय. पडवीतल्या चार गाद्यांपैकी दोन फाडून मामीने उशा केल्या, एक शेजारी गेली. चौथी मांजर सोडायला तयार नाही.